बघ्यांनी देशोदेशी नेलेली शर्यत

मार्च १८९६ मध्ये न्यूयॉर्कच्या बंदरातून ‘फुल्डा’ नावाचे जहाज नेपल्सकडे निघाले, तेव्हा त्यावर अमेरिकन खेळाडूंची एक छोटी तुकडी होती. त्यांतली बरीच मंडळी बोस्टन ॲथलेटिक असोसिएशन या क्लबाची. नेपल्सला उतरायचे, आगगाडीने इटली ओलांडून ब्रिंडिसी गाठायचे आणि तिथून पुन्हा बोटीने ग्रीस, असा मजल-दरमजल प्रवास होता. अथेन्समध्ये आधुनिक काळातले पहिले ऑलिंपिक भरणार होते. या पोरांना सांभाळायला जॉन ग्रॅहम नावाचा मॅनेजर सोबत होता. त्याला स्वतःला काहीच धावायचे नव्हते. आपल्या माणसांच्या पाठीशी उभे राहायचे आणि त्यांना सुखरूप घरी आणायचे, एवढेच त्याचे काम. तरीही मॅरेथॉनच्या इतिहासात त्याच्या या सहलीला विजेत्यांच्या बरोबरीने जागा द्यावी लागते.

मॅरेथॉनचा इतिहास साधारणपणे धावणाऱ्यांच्या नावांनी आणि वेळांनी सांगितला जातो. पण ही शर्यत एका गावातून दुसऱ्या गावी कशी गेली ते शोधू लागले, की वारंवार भेटतो तो बघ्या. परक्या देशात कुणाला तरी धावताना पाहायचे, भारावून जायचे आणि घरी परतल्यावर ‘आपल्याकडे हे का नाही?’ म्हणून कामाला लागायचे, हा क्रम निदान तीन-चार ठिकाणी जवळजवळ जसाच्या तसा घडला.

अथेन्सच्या स्पर्धेत मॅरेथॉन घालण्याची कल्पना मिशेल ब्रेआल या फ्रेंच भाषापंडिताची. १० एप्रिल १८९६ रोजी दुपारी मॅरेथॉन गावातून सतरा जण निघाले. अंतर सुमारे ४० किलोमीटर. परदेशी चौघेच. त्यांतले तिघे ऑस्ट्रेलियाचा एडविन फ्लॅक, अमेरिकेचा आर्थर ब्लेक आणि फ्रान्सचा आल्बॅं लेर्म्युझिओ. १५०० मीटरच्या शर्यतीत तीनच दिवसांपूर्वी याच क्रमाने पहिले तिघे आलेले. चौथा हंगेरीचा ग्युला केल्नर. फ्लॅकची गोष्ट तर खास ऐकण्यासारखी आहे. तो लंडनमध्ये हिशेबनीस होता आणि रजा काढून ऑलिंपिक पाहायला म्हणून अथेन्सला आला होता. आला तसा धावला आणि ८०० व १५०० मीटर या दोन्ही शर्यती जिंकून बसला. मॅरेथॉनएवढे अंतर त्याने आयुष्यात कधी कापले नव्हते.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गावेच्या गावे लोटली होती. लेर्म्युझिओ आघाडीवर आहे हे पाहून वाटेतल्या एका गावाने त्याला विजेता समजून पानाफुलांचा मुकुटही चढवला. त्याने ३२ किलोमीटरच्या आसपास शर्यत सोडली. ग्रॅहमचा माणूस म्हणजे ब्लेक तर त्याच्याही आधी, २३ किलोमीटरजवळ, बाहेर पडला होता. फ्लॅक ३७ किलोमीटरपर्यंत टिकला आणि मग भेलकांडू लागला. तो पडू नये म्हणून एक ग्रीक प्रेक्षक त्याला सावरायला धावला, तर भान हरपलेल्या फ्लॅकने त्यालाच ठोसा लगावला, अशी हकीकत आहे. खरी असेल तर मॅरेथॉनमधल्या मदतनिसाच्या वाट्याला आलेली ही पहिली पावती म्हणायची!

स्टेडियममध्ये हजारो लोक खोळंबले होते. आधी बातमी आली ती ऑस्ट्रेलियन पुढे असल्याची, आणि सगळीकडे सन्नाटा पसरला. मग घोड्यावरून निरोप आला की पुढे ग्रीक माणूस आहे. मारूसी गावचा पाणक्या स्पिरिडॉन लुईस आत शिरला तेव्हा युवराज कॉन्स्टंटाइन आणि राजपुत्र जॉर्ज आपली आसने सोडून मैदानात उतरले आणि शेवटच्या टप्प्यात त्याच्या दोन्ही बाजूंनी धावले. वेळ २ तास ५८ मिनिटे ५० सेकंद. आजच्या नियमांत असे काही बसणार नाही. त्या दिवशी मात्र बघे आणि धावणारा यांच्यातली रेषा राजघराण्यानेच पुसून टाकली.

अथेन्सकरांसाठी नवलाची आणखी एक गोष्ट म्हणजे अमेरिकनांचे ओरडणे. बोस्टनच्या क्लबाची एक ठरलेली आरोळी होती. आधी क्लबाची आद्याक्षरे, मग तालात ‘रा, रा, रा’. सगळ्यांनी मिळून, ठेक्यात, मोजून ओरडायचे हा प्रकार तिथल्या लोकांना इतका अजब वाटला की खुद्द राजा जॉर्ज यांनी ती आरोळी पुन्हा मारून दाखवायला सांगितली, असे त्या चमूतला अडथळा शर्यतीचा विजेता टॉमस कर्टिस याने पुढे लिहून ठेवले आहे.

स्वतःचा धावपटू अर्ध्यात गळाला असूनही ग्रॅहमच्या डोक्यात ती शर्यतच राहिली. बोस्टनला परतल्यावर क्लबाच्या मंडळींनी हे आपल्याकडे करायचे ठरवले. मध्यंतरी सप्टेंबर १८९६ मध्ये न्यूयॉर्कच्या एका क्लबाने स्टॅमफर्डहून शहरापर्यंत अशी शर्यत घेऊन पहिलेपणाचा मान पटकावलाही होता. पण टिकली ती बोस्टनची. तिला दिवसही चांगला मिळाला. १७७५ च्या एप्रिलमध्ये लेक्सिंग्टन आणि कॉन्कर्ड इथे अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाची पहिली चकमक झडली. तिच्या स्मरणार्थ मॅसॅच्युसेट्स राज्याने १८९४ पासून १९ एप्रिलला ‘पेट्रियट्स डे’ची सुट्टी सुरू केली होती. इतिहासातला मोठा प्रसंग आणि लोकांना हक्काची सुट्टी, असा दुहेरी योग जुळून आला. कामाच्या दिवशी दुपारी रस्त्यावर कोण उभे राहणार होते? बोस्टनच्या गर्दीचे निम्मे श्रेय तरी या सुट्टीला दिले पाहिजे. पुढे १९६९ पासून ही सुट्टी एप्रिलच्या तिसऱ्या सोमवारी आली आणि शनिवार-रविवारला जोडून चांगला तीन दिवसांचा मुक्काम होऊ लागला.

१९ एप्रिल १८९७ रोजी ॲशलंड गावी टॉम बर्क याने बुटाच्या टाचेने मातीत रेघ ओढली आणि ‘गो!’ म्हटले. हा बर्क म्हणजे अथेन्सला १०० आणि ४०० मीटर जिंकून आलेला. रेघेवर पंधरा जण होते. साडेचोवीस मैलांनंतर न्यूयॉर्कचा जॉन मॅकडर्मट २ तास ५५ मिनिटे १० सेकंदांत पहिला आला. शहरात शिरल्यावर एक अंत्ययात्रा आडवी आली, तर तिच्यातूनच वाट काढून तो पुढे गेला. रस्ते तेव्हा शर्यतीसाठी बंद होत नसत. १९०७ साली साउथ फ्रेमिंगहॅमला मालगाडी आडवी आली आणि टॉम लॉंगबोटसह आघाडीचे काही जण निसटले, बाकीचे फाटकाशी तिष्ठत राहिले.

अर्ध्या वाटेवर वेल्झली हे मुलींचे कॉलेज लागते. १८९७ सालीच तिथल्या विद्यार्थिनी रस्त्यावर आल्या होत्या, त्या हार्वर्डच्या डिक ग्रँटला हुरूप द्यायला. सव्वाशेहून अधिक वर्षे झाली तरी ती प्रथा चालू आहे. हा भाग ‘स्क्रीम टनेल’, म्हणजे किंकाळ्यांचा बोगदा, म्हणून ओळखला जातो. धावणाऱ्यांना तो दिसण्याआधी कितीतरी अंतरावरून ऐकू येतो.

आरोळी ठीक, पण मदत किती करायची? सुरुवातीची वीस-पंचवीस वर्षे या प्रश्नाने सगळ्यांनाच घोळात घेतले. १९०४ च्या सेंट लुइस ऑलिंपिकमध्ये टॉमस हिक्सला त्याच्या मदतनिसांनी वाटेत स्ट्रिक्निन आणि ब्रँडी पाजली. स्ट्रिक्निन म्हणजे उंदीर मारायच्या औषधातले विष. थोड्या मात्रेत ते उत्तेजक मानले जाई. हिक्स कसाबसा जिवंत राहिला आणि जिंकलाही. त्याच्या आधी फ्रेड लॉर्झ पोचला होता, पण तो बराच रस्ता मोटारीतून आल्याचे उघड झाले.

त्यानंतरचा प्रसंग २४ जुलै १९०८ चा, लंडनमधला. विंडसर राजवाड्यापासून व्हाइट सिटी स्टेडियमपर्यंत २६ मैल ३८५ यार्डांची शर्यत. १९२१ साली हेच अंतर, ४२.१९५ किलोमीटर, जगभरासाठी प्रमाण ठरले. इटलीचा दोरांदो पिएत्री सर्वांत आधी आत आला, चुकीच्या दिशेने वळला, पडला, उठला, पुन्हा पडला. अखेर अधिकारी जॅक अँड्र्यू आणि डॉ. मायकल बल्जर यांच्या मदतीने त्याने अंतिम रेषा ओलांडली आणि त्या मदतीपायीच तो बाद ठरला. सुवर्णपदक अमेरिकेच्या जॉनी हेजला मिळाले. राणी अलेक्झांड्राने दुसऱ्या दिवशी पिएत्रीला सोन्याचा मुलामा दिलेला चांदीचा पेला दिला. प्रेक्षकांत बसून वर्तमानपत्रासाठी वृत्तान्त लिहिणाऱ्या आर्थर कॉनन डॉयल यांनी त्याच्यासाठी वर्गणीच्या आवाहनाला हातभार लावला. आज पिएत्रीचे नाव हेजपेक्षा जास्त लोकांना ठाऊक आहे. हा निकाल गर्दीने दिला आणि तो पंचांच्या निकालापेक्षा टिकाऊ ठरला.

आपल्याकडेही हा धागा आहे. तो पुण्यातून जातो. पहिले महायुद्ध संपल्यावर डेक्कन जिमखान्याच्या क्रीडास्पर्धांना अध्यक्ष या नात्याने सर दोराबजी टाटा हजर होते. लांब पल्ल्याच्या शर्यतीत शेतावर राबणारी, कसेबसे पोट भरणारी पोरे अनवाणी धावत होती. दोराबजींनी त्यांच्या वेळा पाहिल्या. युरोपातल्या शर्यतींची त्यांना माहिती होती, आणि या वेळा तिथल्या वेळांच्या फार मागे नाहीत हे त्यांच्या ध्यानात आले. मग त्यांनी मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांची मदत घेतली, स्वतःच्या खिशात हात घातला आणि १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला भारताचा पहिला संघ गेला. त्याच्या तयारीच्या बैठकीतला एक किस्सा सांगितला जातो. १०० मीटरसाठी पात्रतेची वेळ किती ठेवावी असे विचारल्यावर समितीतल्या एका बड्या सदस्याने ‘एक-दोन मिनिटे’ असे उत्तर दिले. ते सेकंदांत मोजायचे असते हे त्याला समजावून सांगावे लागले.

संघातला फडेप्पा दरेप्पा चौगुले बेळगावचा. सदाशिव दातारही मॅरेथॉनला होता. २२ ऑगस्ट १९२० रोजी अँटवर्पला अंतर होते ४२.७५ किलोमीटर, ऑलिंपिक मॅरेथॉनमधले सर्वांत लांब. फिनलंडचा हानेस कोलेहमायनेन जिंकला. चौगुले २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत एकोणिसावा आला. १९०८ साली लंडनला हेज २ तास ५५ मिनिटांत ऑलिंपिक विजेता ठरला होता आणि चौगुले त्याच्याहून अर्धा किलोमीटर जास्त धावला होता, हे लक्षात घेतले म्हणजे या एकोणिसाव्या क्रमांकाचे मोल कळते. परक्या देशाच्या रस्त्याकडेला त्याच्या नावाने ओरडणारे किती असतील? त्या संघात सगळे मिळून सहा खेळाडू. बेळगावहून अँटवर्पला त्याच्यासाठी कोण जाणार होते!

चारच वर्षांनी पॅरिसच्या ऑलिंपिकला स्लोवाकियातल्या कोशित्से गावचा वोयतेख बुकोव्स्की बातमीदार म्हणून गेला. त्याने तिथे मॅरेथॉन पाहिली आणि परत येऊन त्याच वर्षी, ऑक्टोबर १९२४ मध्ये, आपल्या गावात शर्यत घेतली. युरोपात आजही भरणाऱ्या मॅरेथॉनमध्ये ती सर्वांत जुनी.

बोस्टनच्या रस्त्याने नंतरच्या काळात बरेच काही पाहिले. १९३६ साली वाटेतल्या न्यूटनच्या चढावर जॉनी केलीने एलिसन ब्राउनला गाठले आणि पुढे जाताना त्याच्या खांद्यावर थाप मारली. ब्राउन पेटला, सुसाट सुटला आणि जिंकला. ‘बोस्टन ग्लोब’च्या जेरी नेसनने त्या चढाला ‘हार्टब्रेक हिल’ असे नाव दिले. सहानुभूतीची थाप कुणाला कशी लागेल याचा नेम नसतो.

बायकांना ही शर्यत अधिकृतपणे धावता आली ती १९७२ पासून. त्याआधी १९६६ साली बॉबी गिब सुरुवातीच्या रेषेजवळ झुडपात दडून बसली आणि गर्दीत मिसळून धावली. एक बाई धावतेय ही बातमी तिच्या पुढे पळाली. ती वेल्झलीला पोचली तेव्हा मुलींना राहवले नाही. काही किंचाळत होत्या, काही रडत होत्या. तेव्हा विद्यार्थिनी असलेल्या आणि पुढे त्याच कॉलेजच्या अध्यक्ष झालेल्या डायना चॅपमन वॉल्श यांच्या मनावर तो क्षण कायमचा कोरला गेला. वर्षभराने कॅथरीन स्विट्झर २६१ क्रमांक लावून धावत असताना जॉक सेम्पल हा अधिकारी तिचा क्रमांक हिसकवायला धावला. तिच्यासोबत धावणाऱ्या मित्राने त्याला धक्का देऊन बाजूला फेकले. त्या झटापटीची छायाचित्रे जगभर गेली. मित्राला सोबत करण्याचे याहून ठोस उदाहरण मॅरेथॉनमध्ये सापडणे कठीण.

उलटाही मासला आहे. १९८० साली बोस्टनलाच रोझी रुईझ बघ्यांच्या गर्दीतूनच रस्त्यावर उतरली, उरलेला थोडासा टप्पा धावली आणि विजेतीचा मुकुट घालून घेतला. आठवडाभराने तो काढून खऱ्या विजेतीला, कॅनडाच्या जॅकलीन गॅरोला, देण्यात आला.

न्यूयॉर्कच्या मॅरेथॉनची सुरुवात १९७० साली सेंट्रल पार्कात घिरट्या घालण्यापासून झाली. १२७ जण धावायला उभे राहिले, ५५ जणांनी पूर्ण केली. १९७६ मध्ये अमेरिकेच्या द्विशताब्दीच्या निमित्ताने आयोजक फ्रेड लीबो आणि मंडळींनी ती शहराच्या पाचही भागांतून नेली. वस्त्यावस्त्यांतले लोक आपापल्या दारात उभे राहिले आणि शर्यतीचा नूरच पालटला. १९७९ साली लंडनहून ख्रिस ब्रॅशर आणि जॉन डिस्ली हे दोघे मित्र ती धावायला गेले. दोघेही स्टीपलचेसचे ऑलिंपिक पदकविजेते. परतल्यावर ब्रॅशरने ‘ऑब्झर्व्हर’मध्ये लेख लिहिला. त्याचा भर वेळा-विक्रमांवर नव्हता. रस्त्याच्या कडेने हसत, टाळ्या वाजवत उभी राहिलेली नाना वंशांची माणसे त्याच्या मनात ठसली होती. लंडनला हे जमेल का, असा त्याचा सवाल होता. २९ मार्च १९८१ रोजी पहिली लंडन मॅरेथॉन झाली. पावसात अमेरिकेचा डिक बिअर्डस्ली आणि नॉर्वेचा इंगे सिमन्सन हातात हात घालून एकदमच पोचले. ब्रॅशर-डिस्लींची ती न्यूयॉर्कवारी म्हणजे ग्रॅहमच्या बोटीच्या प्रवासाचा विमानयुगातला अवतार म्हणावा लागेल.

बर्लिनला तर गर्दीने इतिहासच साजरा केला. ३० सप्टेंबर १९९० रोजी, जर्मनीच्या एकीकरणाला तीन दिवस उरले असताना, मॅरेथॉन प्रथमच ब्रांडेनबुर्ग दरवाज्याखालून गेली.

पुढे २००६ मध्ये बोस्टन, लंडन, बर्लिन, शिकागो आणि न्यूयॉर्क या पाच शर्यतींची ‘वर्ल्ड मॅरेथॉन मेजर्स’ ही मालिका सुरू झाली. २०१३ मध्ये टोकियो आणि २०२५ मध्ये सिडनी तिच्यात आले. पुण्या-मुंबईचे हौशी धावपटू या शहरांच्या वाऱ्या करू लागले, तसे त्यांच्याबरोबर जाणारे जोडीदार, बहीण-भाऊ आणि मित्रही वाढले. इकडेही सवय आहेच. २००४ पासून भरणाऱ्या मुंबई मॅरेथॉनमध्ये पेडर रोडच्या इमारतींतले लोक जानेवारीच्या सकाळी संत्री, चिक्की, बिस्किटे घेऊन उभे राहतात. पालखीच्या वाटेवर वारकऱ्यांना केळी आणि चहा देणाऱ्या गावांपेक्षा हे फार वेगळे नाही.

उघड्या रस्त्यावरची शर्यत म्हणजे उघड्या रस्त्याचे धोकेही आले. २९ ऑगस्ट २००४ रोजी अथेन्स ऑलिंपिकमध्ये, लुईसच्याच त्या जुन्या मॅरेथॉन-अथेन्स रस्त्यावर, आघाडीवर असलेल्या ब्राझीलच्या वांडरलेई दी लिमाला एका माथेफिरू प्रेक्षकाने धक्का देऊन कडेच्या गर्दीत ढकलले. त्याला सोडवले तेही दुसऱ्या एका प्रेक्षकानेच. लिमाला कांस्यपदकावर समाधान मानावे लागले आणि नंतर खिलाडूवृत्तीसाठी पिएर द कुबर्तॅं पदक मिळाले. १५ एप्रिल २०१३ रोजी बोस्टनला बॉइल्स्टन स्ट्रीटवर अंतिम रेषेजवळ दोन बॉम्ब फुटले. ठार झालेले तिघेही धावणारे नव्हते, ते कडेला उभे होते. अडीचशेहून अधिक जखमी झाले. पुढच्या वर्षी लोक घरी बसतील असे कुणाला वाटले असेल, तर ते साफ चुकले. धावणारे सुमारे छत्तीस हजार झाले आणि रस्त्याकडेला नेहमीच्या दुप्पट, म्हणजे दहा लाखांच्या घरात लोक आल्याचा अंदाज होता. पुरुषांत अमेरिकेचा मेब केफ्लेझिगी जिंकला.

कुणा मित्रासाठी बोस्टनला जायचा बेत असेल, तर एवढे ध्यानात ठेवावे. शर्यत जिथे सुरू होते त्या हॉपकिंटनला रेल्वे नाही. मात्र फ्रेमिंगहॅम, नेटिक आणि वेल्झली ही तिन्ही स्टेशने मार्गाच्या जवळ आहेत आणि एकाच वूस्टर मार्गावर आहेत, त्यामुळे गाडीचे वेळापत्रक पाहून एकाच धावणाऱ्याला दोन-तीनदा गाठता येते. पाठीवरची मोठी पिशवी मुक्कामीच ठेवावी. तपासणी कडक असते. त्याच दिवशी सकाळी फेनवे पार्कवर रेड सॉक्सचा बेसबॉलचा सामना असतो. तो सुटला की सगळी गर्दी केनमोर चौकात येते, तेव्हा जागा आधी धरावी. आणि अंतिम रेषेजवळचे कोप्ली हे भुयारी स्टेशन मॅरेथॉनच्या दिवशी बंद असते. आर्लिंग्टनला उतरून चालत जावे.